टिपरेसाहेबांच्या नावाची बोंब

पासली,
ता. २१ जानेवारी २०२५

चि. सर्जेराव यास सोनबाचा आशीर्वाद.

म्या सुटलो. काल भोरच्या कोर्टानं सांगितलं, सोनबा निर्दोष. तू येतो म्हणालास आनि आला न्हाईस. तुझ्या बहिणीनं तुझ्यासाठी कोर्टाच्या पायरीवर जागा धरली हुती, तिथं शेवटी एक कुत्रं येऊन बसलं. तू उत्रोलीत, कोर्टापास्नं हाकेवर. आमी पासलीवरनं गाड्या बदलत येळेत पोचलो. असू दे. मेहुण्याला मंडपाचं काम लागलं असंल.

लोकं तुला उलटंसुलटं सांगतील म्हणून म्याच लिवतो. न्यायाधीश बाईंनी बांधकाम खात्याच्या टिपरेसाहेबाला इचारलं, "सरकारी कामात अडथळा केला म्हणता. काम काय चाललं होतं?"

साहेब म्हणाला, "साकवाची पाहणी."

"साकव कुठं आहे?"

"पासलीच्या ओढ्यावर."

आपल्या प्रशिक वकिलानं वढ्याचा फोटू पुढं केला. फोटूत वढा हाय, दगडं हाईत, फुलाबाईची म्हस हाय, 'साकवाचे काम पूर्ण' असा बोर्डबी हाय. वढा वलांडायचा साकव तेवढा न्हाई. बाई फोटूकडं बघत्यात, साहेब छताकडं बघतोय.

मग निघाल्या पुरणपोळ्या. आपली रीत तुला ठावं हाय, कोर्टाला कुठनं ठावं असणार? शिमग्याला होळीपुढं तोंडावर उलटा हात मारून ज्याच्या नावानं बोंब मारली, त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी सकाळी पुरणपोळ्या धाडायच्या. त्यानं खायच्या, आनि शिमग्याचं शिमग्यात मिटलं. दोन वर्सांमागं म्या बोंब मारली, "साकव कुणी खाल्ला रे? टिपऱ्यानं खाल्ला रे! लोखंडासकट खाल्ला रे, ढेकर न्हाई दिला रे!" नेमका साहेब जीपमधनं चालला हुता. त्यानं ऐकलं. सकाळी साळूनं रीतीपरमानं डबा भरून त्याच्या हापिसात धाडला. तर पठ्ठ्यानं फिर्यादीत लिवलं, आरोपीनं आधी धमकी दिली आनि मागनं खाद्यपदार्थ देऊन फोडायचा प्रयत्न केला! तुझ्या बहिणीची पोळी खाऊन आजवर माणूस फुटलेला म्या बघितला न्हाई, फुगलेला बघितलाय.

डबा मुद्देमालात हुता, तो आता परत मिळाला. पोळ्या 'नाशवंत म्हणून नष्ट' असा शेरा हाय. साळू ठाण्यातल्या हवालदाराला तोंडावर म्हणाली, "नष्ट झाल्या त्या गोड हुत्या का, तेवढं सांगा."

मोबाईलबी परत दिला. पर म्या तो वापरणार न्हाई. त्यातलं समदं बोलणं कोर्टात वाचून दाखवलं. "येताना मिरच्या आणा, मागल्यावानी इसरू नका," हे साळूचं बोलणंसुदिक, भर कोर्टात. तवापास्नं ठरवलं, हितनं पुढं पत्र. चिमाजी कंडक्टर गाडीतनं पोचवंल.

आता मुद्द्याचं. म्या सुटलो म्हणजे मिटलं न्हाई. खोटी केस टाकली म्हणून म्या टिपरेसाहेबावर दावा लावणार. प्रशिक म्हणतो, लावता येतो.

सोनबा

•

उत्रोली,
ता. २८ जानेवारी २०२५

तीर्थरूप दाजींना सर्जेरावचा साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. वाचून हसलो, मग शेवटचा परिच्छेद वाचला आणि हसू गिळलं.

कोर्टात न आल्याबद्दल पाया पडून माफी. प्रजासत्ताक दिनाचा मंडप मोजायला साहेबलोक येणार होते. आता कुठले साहेब ते विचारू नका.

दाजी, मी भोरच्या एस.टी. स्टँडवर चहाची किटली घेऊन उभा राहिलो, तिथपासून आज मंडप, खुर्च्या, स्पीकर, जनरेटर इथवर आलो. सगळं शिक्षण त्या किटलीनं दिलं. साहेबाला चहा उकळता द्यावा आणि शब्द कोमट द्यावा, हा तिचा पहिला धडा. तुम्ही नेमकं उलटं करता.

तुम्ही जिंकलात. कुस्ती मारलेल्या पैलवानानं पटका बांधून घरी जावं, पुन्हा लंगोट कसून आखाड्यात फिरू नये. विंचू चावला, विष उतरलं, आता बिळात हात घालून त्याला "का चावलास" म्हणून विचारायचं कशाला? सरकारी माणूस आज इथं, उद्या बदलून चंद्रपूरला. तुमचा दावा मात्र भोरलाच राहणार, आणि तारखा पडणार भातलावणीत.

टिपरेसाहेब तसा मनानं वाईट नाही. माझ्या बिलावर सही करताना पेन झटकतो, पण करतो.

अक्काला नमस्कार. तिच्या डब्याची हकिगत इथं पारावर सांगितली, लोक अजून हसतायत.

आपला,
सर्जेराव

•

पासली,
ता. १७ मार्च २०२५

चि. सर्जेराव यास आशीर्वाद.

तुझं पैलवानाचं पत्र म्या शिमग्यापतुर उशाला ठेवलं हुतं. म्हणलं, पोरगं कमवून शहाणं झालंय, ऐकावं. पर शिमग्याला काय झालं ते ऐक, मग सांग कोण शहाणं.

होळी पेटली. गाव गोळा झालं. पहिली बोंब मारायचा मान आपल्या घराचा, तो म्या मागल्या वर्सी केसपायी सोडला हुता. औंदा सुटलेला माणूस म्हणून पुढं झालो. तर सरपंच म्हणाला, "सोनबातात्या, औंदा राहू द्या. गावाला ताप नको." म्हणलं, बरं, दुसऱ्या कुणीतरी मारा. भिमा पुढं आला. हात तोंडापतुर नेला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, कुणाच्या हातात मोबाईल दिसला, आनि गड्यानं मिशी खाजवून हात खाली घेतला. समदं गाव गप. लाकडं तेवढी तडतडत हुती. रतनबाई म्हातारी म्हणाली, "ही होळी हाय का ग्यासची शेगडी?" त्यावरबी कुणी हासलं न्हाई.

असा हा दुसरा शिमगा. म्या निर्दोष सुटलो आनि गावाला मुकेपणाची शिक्षा झाली. आरं, आपल्याकडं वर्सातनं एक दिस गरिबानं कुणाच्याबी नावानं बोंब मारायची आनि मोठ्यानं ती ऐकून घ्यायची. तेवढाच आपला पेपर, तेवढीच आपली विधानसभा. ती टिपऱ्यानं बंद पाडली. तिसरा शिमगा असाच गेला तर पोरांना वाटंल, होळी अशीच असती.

म्हणून नोटीस धाडली. सरकारी माणसावर दावा लावायचा तर आधी नोटीस देऊन दोन महिनं थांबावं लागतं म्हणं. म्या प्रशिकला इचारलं, शिमग्याची बोंब कायद्यात बसती का? तो म्हणाला, बोलायचा हक्क घटनेनं दिलाय. म्हणलं, त्यात शिमग्याचं नाव हाय का? म्हणाला, "तात्या, शिमगा वर्षातून एकदा. घटना बारा महिने." पोरगं हुशार हाय.

भरपाई किती मागायची ते त्याचं तो लिवंल. मला एकच पायजे. टिपरेसाहेबानं आपल्या होळीपुढं हुबं ऱ्हाऊन सांगायचं, केस खोटी हुती.

अडतंय एकाच जागी. प्रशिक म्हणतो, तीन गोष्टी दावाव्या लागतील. केस आपल्या बाजूनं सुटली, ते झालं. केसला आधार नव्हता, त्याला फुलाबाईची म्हस साक्षीला हाय. तिसरं, साहेबानं ती आकसानं टाकली. आता आकस माणसाच्या पोटात असतो. साहेबाचं पोट एवढं, आकस त्यात कुठल्या कोपऱ्यात हाय ते कोण सांगणार?

सोनबा

•

उत्रोली,
ता. १४ मे २०२५

तीर्थरूप दाजींना नमस्कार.

लग्नसराईमुळं उत्तराला उशीर झाला, राग नसावा. रोज एक मंडप उभा, एक मंडप आडवा, आणि मी दोन्हींच्या मध्ये.

परवा वरवे बुद्रुकला मोठा साखरपुडा होता. मुलगा ठेकेदाराचा. तुमच्या साकवाचा तोच. त्याच्या घरचं काम घेतलं म्हणून रागावू नका, साकव बांधायला त्याला जमत नसलं तरी मंडप तो माझ्याकडूनच बांधून घेतो. गुलाबी पडदे, कारंजं, नवरीला यायला पाळणा. जेवणात जिलेबी, मठ्ठा, आणि एक पांढरी भाजी होती तिचं नाव शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

टिपरेसाहेबही आले होते. मुलामुलीला आशीर्वादाचे दोन शब्द बोलले. कॉलरला लावायचा नवा माईक मी मुद्दाम पुण्याहून आणलाय, तो त्यांना लावला. आवाज फार स्वच्छ लागला. आठही बॉक्समधून अगदी स्वच्छ.

बाकी विशेष काही नाही. गर्मी फार आहे. दाव्याचं आता सोडून द्यावं असं मला अजूनही वाटतं. अक्काच्या गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधा.

आपला,
सर्जेराव

•

पासली,
ता. ३ जून २०२५

सर्जा,

ही साळू लिवतीया, माझ्या हातानं. अक्षराला हसू नगंस.

फुलाबाई वरव्याच्या साखरपुड्यात पुऱ्या लाटायला गेली हुती, ते तुला ठावं न्हाई. ती काल माझ्याकडं बसायला आली. म्हणाली, "साळूबाय, साहेब जेवायला बसला तवा त्याच्या गळ्यातला माईक चालूच हुता." तो ठेकेदाराला काय म्हणाला, ते तिनं मला सांगितलं. म्या पुन्यांदा सांगायला लावलं. पुन्यांदा तेच सांगितलं.

आता तू म्हणशील, अक्का, म्या नव्हतो ऐकलं. व्हय रं? ल्हानपणी घरात डब्याचं झाकण उघडलं तर वढ्यापलीकडनं पळत येणारा तू. कान तुझं, माईक तुझा, बॉक्स तुझं. आनि दाजीला पत्रात काय लिवतोस, पांढऱ्या भाजीचं नाव कळलं न्हाई!

ह्यांना म्या अजून सांगितलं न्हाई. सांगितलं तर हे उत्रोलीला येऊन तुझ्या मंडपाच्या खुंट्या उपटतील. आनि दुसरं, हे तू सांगितलेलं बरं. फुलाबाई कोर्टात यायला तयार हाय, पर साहेबाचा वकील म्हणंल, तिच्या म्हशीचा फोटू आधीच कोर्टात हाय, आता बाईबी आली.

तुला सरकारी कामं जातील ही भीती. मला कळती. म्या तुला कडंवर घेऊन वाढवलाय, तुझी भीती मला तुझ्याआधी कळती. पर हे माणूस दोन वर्सं झाली ग्रामसभेला जाऊन मुकाट परत येतंय. आधी भाजीत मीठ कमी पडलं तरी सगळ्या आळीला ऐकू जायचं. आता अळणी खातं, बोलत न्हाई. मला त्या आरडाओरड्याचा कंटाळा हुता, खोटं कशाला बोलू. पर हे गप बसणं बघवत न्हाई.

दावा लागलाय. बाकी तू ठरव.

अक्का

•

उत्रोली,
ता. २४ जून २०२५

अक्का,

तुझं पत्र चिमाजीनं दिलं तेव्हा तो म्हणाला, "शेठ, पाकीट हाताला गरम लागतंय." खरंच होतं.

फुलाबाईनं सांगितलं ते तंतोतंत आहे. जेवताना टिपरेसाहेब ठेकेदाराला म्हणाले, "पासलीच्या म्हाताऱ्याचा गुन्हा काहीच नव्हता हो. पण एकाला कोर्टाची पायरी दाखवली की गाव गप्प बसतं. दोन शिमगे झाले, साकवाचा आवाज आला का कुणाचा?" आणि ठेकेदार म्हणाला, "साहेब, अजून एक जिलेबी घ्या." अख्ख्या मांडवानं ऐकलं. एकाच्या घशात पुरी अडकली, त्याची पाठ मीच थोपटली. माईक बंद करायचं बटण माझ्या बोटाखाली होतं. बोट का हललं नाही, ते कोर्टात कुणी विचारलं नाही म्हणजे झालं.

पण अक्का, मी एकटाच का? म्हणून गेले पंधरा दिवस दुसरा साक्षीदार शोधत फिरलो. भटजी म्हणाले, "मी सोवळ्यात होतो." सोवळ्यात कान झाकतात हे मला नवीन. बँडवाला म्हणाला, "मी वाजवत होतो." जेवणाच्या वेळी बँडच बंद होता, तर म्हणतो, "मनात वाजवत होतो." आचारी म्हणाला, "जिलेबीच्या पाकाकडं लक्ष होतं." एक गुरुजी मात्र प्रामाणिक निघाले. म्हणाले, "शब्द ऐकू आले, पण वाक्य लागलं नाही." चारशे पानं उठली त्या मांडवात आणि कानाचा धनी एक नाही.

त्या गुरुजींच्या घरून परत येताना मला स्वतःचंच पत्र आठवलं, पांढऱ्या भाजीचं. वाटलं, हा तर माझाच भाऊ.

काल प्रशिककडं जाऊन प्रतिज्ञापत्रावर सही केली. तो म्हणाला, "सरकारी मंडप जातील, विचार करा." म्हटलं, "वकीलसाहेब, माझा धंदा दुसऱ्याचा आवाज मोठा करायचा. हा आवाज तर आठ बॉक्समधून आधीच गेलाय, आता मी तोंडावर हात ठेवून काय उपयोग?" बोलायला बरं वाटलं. घरी येऊन पाणी मात्र तांब्याभर प्यालो.

दाजींना तूच सांग. खुंट्यांचं लक्षात ठेव.

सर्जा

•

पासली,
ता. १५ डिसेंबर २०२५

चि. सर्जेराव यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रतिज्ञापत्राचा कागद साहेबाच्या वकिलाला मिळाला तवा तो साहेबाला म्हणाला म्हणं, "तुम्ही जेवताना बोलता कशाला?" हे प्रशिकनं सांगितलं. वकिलांचं एकमेकांत समदं कळतं.

मग लोकअदालतीत बोलावणं आलं. म्या आत गेलो, साहेब समोर. तीन वर्सांत पैल्यांदा माणूस जवळनं बघितला. केस पिकल्यात त्याचं. प्यानल हुतं, त्यातल्या बाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला नक्की काय हवंय?" म्या सांगितलं. बाईंनी साहेबाला इचारलं, "जाल का होळीला?" साहेबानं मान खाली घातली आनि म्हणाला, "जातो. पण तिथं मला कुणी मारणार नाही ना?" म्या म्हणलं, "साहेब, आमच्या होळीवर हात उचलला तर तो सोताच्याच तोंडावर मारायचा असतो."

तडजोड लिवली. येत्या शिमग्याला टिपरेसाहेबानं पासलीत यायचं, होळीपुढं 'केस खोटी हुती' असं बोलायचं, मग म्या दावा काढून घ्यायचा.

स्वातंत्र्यदिनाचा मंडप तुझ्याकडनं काढून दुसऱ्याला दिला म्हणं. तू कळवलं न्हाईस, चिमाजी म्हणाला. तुला कान हाईत तसं आमालाबी हाईत. साळू त्या दिशी जेवली न्हाई. म्या जेवलो, पर दोन भाकरीच.

शिमग्याला यायचं. पायरीवर न्हाई, होळीच्या फुडं बसवतो.

सोनबा

•

उत्रोली,
ता. २६ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप दाजींना नमस्कार.

शिमग्याला येणं अवघड झालंय. सरकारी मंडप गेले तर विरोधकांनी घर शोधत येऊन सभांचे मंडप दिले. त्यांना वाटलं मी त्यांचा. मी म्हटलं, "मी कुणाचा नाही, बॉक्स माझे आहेत." ऐन होळीच्या दिवशी त्यांची सभा आहे.

एक सांगू? साहेब आला की त्याला फार ताणू नका. बोलला की मोकळं करा. खाली मान घातलेल्या माणसाच्या मानेवर बसू नये, तो मग कायमचा वाकडा होतो.

पोरांबरोबर दोन बॉक्स आणि माईक पाठवू का? गावाला नीट ऐकू जाईल.

सर्जेराव

•

पासली,
ता. ६ मार्च २०२६

चि. सर्जेराव यास आशीर्वाद.

बॉक्स धाडले न्हाईस ते बरं केलंस. बोंबेला बॉक्स लागला तर ती बोंब कसली?

साहेब आला. जीप न्हाई, सरकारी माणूस न्हाई, एकटा गाडीवरनं. अंगात पांढरा सदरा. समदं गाव हुतं. होळी पेटली. साहेब हुबा ऱ्हायला आनि चार वळी वाचल्या, "सदरची फिर्याद ही वस्तुस्थितीस धरून नव्हती." रतनबाई म्हणाली, "काय म्हणतोय? माणसावानी सांग की." साहेबानं कागद खिशात घातला. म्हणाला, "आजी, केस खोटी होती."

झालं. म्या मनात म्हणलं, फिटलं. तुझं पत्र ध्यानात हुतं, मोकळं करायला म्या पुढं झालो. पर होळीपुढं आलेला पाव्हणा तसाच कसा धाडायचा? रीत हाय. म्या म्हणलं, "साहेब, पहिल्या बोंबेचा मान आमच्या घराचा. औंदा तुमाला दिला. कुणाच्याबी नावानं मारा. माझ्या नावानं मारलीत तरी चालंल."

साहेब म्हणाला, "मला नाही येत." म्या म्हणलं, गाव कुठलं? म्हणाला, "महाडकडचं." आरं, मग समदं गाव हसलं! घाट उतरला की महाड. कोकणातला माणूस आनि शिमगा येत न्हाई?

साहेबानं जाळाकडं बघितलं. मग चष्मा काढून भिमाच्या हातात दिला, बाही मागं केली, आनि उलटा हात तोंडावर नेला. सर्जा, पैली बोंब मांजरावानी निघाली. दुसरीला पलीकडच्या वाडीची कुत्री उठली. आनि मग गडी सुटला, "साकव कुणी खाल्ला रे? एकट्यानं न्हाय खाल्ला रे! वरच्या साहेबानं ताट मांडलं रे, ठेकेदारानं वाढलं रे, मला नुसतं बोट चाटवलं रे, सही माझी घेतली रे!"

मग भिमानं त्याच्याच आवाजात आवाज मिळवला, मग सगळ्यांनी. तीन वर्सांची साठलेली बोंब, डोंगरावरनं माघारी येत हुती. म्या मारली का? मारली. घसा बसलाय, म्हणून पत्र एवढं लांबलं.

साहेब दमून आमच्या ओट्यावर बसला. साळूनं जेवायला वाढलं. म्या इचारलं, "साहेब, आता तुमचं कसं व्हायचं?" म्हणाला, "ते उद्या बघू. आज भूक लागलीय."

फुडं आनिक बऱ्याच बोंबा झाल्या, त्या किरकोळ. त्या लिवत बसत न्हाई. दावा काढून घेतला.

सोनबा

•

उत्रोली,
ता. २५ मार्च २०२६

तीर्थरूप दाजींना नमस्कार.

काल सकाळी दार वाजलं. टिपरेसाहेब. मला वाटलं, जुन्या बिलाबद्दल असेल. तर हातात दोन कागद. होळीवर कुणीतरी मोबाईलवर घेतलं होतं, ते वरच्या साहेबांपर्यंत पोचलं. एक कागद निलंबनाचा. दुसरा पोलिसांचा: खात्याची बदनामी, सरकारी कामात अडथळा. दाजी, कलम तेच! फिर्यादीची भाषाही तीच. टिपरेसाहेब म्हणाले, "मसुदा ओळखीचा वाटला. तीन वर्षांपूर्वी मीच लिहिला होता."

मी चहा दिला, उकळता. मग विचारलं, "ते तुमचे प्रशिक वकील माझी केस घेतील का? आणि साक्षीला कुणी येईल का? माझ्या खात्यातला एकही म्हणत नाही की मी ऐकलं."

मी म्हटलं, दाजींना विचारून सांगतो. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. एक मन म्हणतं, भोगू दे. दुसरं म्हणतं, हा माणूस सुटला नाही तर पुढच्या शिमग्याला पुन्हा सगळे मिशा खाजवत उभे राहतील. काय करू ते कळवा.

आणि हो, चिमाजी म्हणत होता, त्या किरकोळ बोंबांत एक तुमच्याही नावाची होती. खरं का?

आपला,
सर्जेराव

•

पासली,
ता. ३ एप्रिल २०२६

चि. सर्जेराव यास आशीर्वाद.

साहेबाला प्रशिककडं घेऊन जा, आजच. म्या साक्षीला येतो. त्यानं सरकारी कामात अडथळा केला न्हाई, त्यानं आमच्या होळीपुढं आमच्या रीतीनं बोंब मारली, आनि ती खरी हुती. खोटी असती तरी म्या आलो असतो, पर मग जरा कमी जोरात बोललो असतो.

गावात इचारलं, आनिक कोण येतंय? मला वाटलं, मिशा खाजवतील. तर सगळ्यात आधी भिमा हुबा ऱ्हायला, मग फुलाबाई, मग अख्खी आळी. सरपंच म्हणाला, "ताप नको," तर रतनबाई त्याला म्हणाली, "मग तू गोधडी घेऊन झोप." साक्षीदार एवढं झालं की प्रशिक हात जोडतोय, म्हणतो, तात्या, चारपाच पुरे. आता ते चार कोण, ह्याच्यावरनं गावात रोज भांडणं. पैल्यासारखी. मोठ्या आवाजात. साळू म्हणती, आधीचं गप बसणंच बरं हुतं. खोटं बोलती. तीबी साक्षीदारांत हाय.

चिमाजीला तिकीट फाडायला ठेवलाय, का माझ्या बातम्या फोडायला? आता इचारलंस म्हणून लिवतो. साहेबामागनं भिमानं बोंब मारली, "वढ्याचं पाणी कुणी चोरलं रे? सोनबानं चोरलं रे! दगडं लावून आपल्या कांद्याला वळवलं रे, खालची रानं सुकली रे!" समद्या गावापुढं. साहेबापुढं. सोताच्या बायकूपुढं, आनि ती हसत हुती. सकाळी भिमाच्या घरनं पुरणपोळ्या आल्या. म्या तोंड फिरवून बसलो. खाल्ल्या, पर तोंड फिरवूनच.

महिनाभर घुमसत हुतो. मग काल प्रशिककडं गेलो. म्हणलं, वकीलसाहेब, म्या ह्या बोलण्याच्या हक्कापायी तीन वर्सं कोर्टाची पायरी झिजवली, आनि तो भिमा माझ्याच नावानं बोंबलतो. ह्याच्यावर कायद्यात काय इलाज हाय का?

तो हसला न्हाई. गंभीर तोंड करून मोठं पुस्तक उघडलं, पानं चाळली, मिटलं.

म्हणाला, "एकच आहे, तात्या. पाणी सोडा."

आज सकाळी दगडं काढली.

सोनबा